ठाव

लर्विकच्या डॉक्टरांची चिठ्ठी ओस्ला माउटने
फेरीबोटीच्या डेकवर उघडली. वाऱ्यात कागद फडफडला,
अंगठ्याखाली दोनच शब्द राहिले:
हार्ट साउंड्स.
बाकीचं घडीत गेलं.

बोट येल साउंड ओलांडत होती.
इथे साउंड म्हणजे पाणी, दोन बेटांच्या मधलं,
पोहून जाता येईल एवढंच,
असं कुणा नॉर्स माणसाला वाटलं असावं
ज्याच्या भाषेत पोहणं आणि सामुद्रधुनी एकच होती.
तो नक्की उन्हाळ्यात आला असणार.

एर्टी खाली गाडीतच बसलेला, काच वर करून.
उजव्या कानाने त्याला आता फक्त इंजिन ऐकू येतं,
डाव्याने तेही नाही.
मशीन येण्याआधी तो याच पाण्यात शिसं सोडायचा:
सात पौंडांचा दांडा, बुडाच्या खळग्यात चरबी,
तळाची वाळू चिकटून वर यावी म्हणून.
दोरीला खुणा. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या,
पाचांवर पांढरी चिंधी, सातांवर लाल लोकर,
दहांवर भोक पाडलेलं कातडं,
अंधारात बोटं गारठली तर ओठांनी ओळखायचं.
यालाही साउंडच म्हणतात.
हा फ्रेंच गलबतांतून उतरला,
की त्याच नॉर्स पाण्यातून फिरून परत आला,
कोशवाले अजून भांडतात.

रात्री तिने शाळेच्या लिलावातला कोश काढला.
साउंड, डोक्यावर बारीक आकडा, एक.
साउंड, दोन. तीन. चार.
एकाच आडनावाची, नातं नसलेली माणसं
दवाखान्याच्या बाकावर बसावीत तशी.
आवाजवाला लॅटिनकडचा; त्याच्या शेपटीचा ड
मूळचा नव्हेच, कुणाच्या तरी जिभेवरून चुकून लागला
आणि बोटीच्या बुडाला शिंपले धरावेत तसा धरून बसला.
खरवडायला कुणी आलं नाही.
निरोगीवाला जुना, घरचा:
साउंड लाकूड, साउंड झोप,
आणि लग्नाआधी तिच्या बापाने एर्टीबद्दल काढलेला
एकमेव उद्गार.

मला हे मराठीत सांगायला चार भांडी लागतात.
आवाज, खाडी, ठाव, धड.
तरी आमचाही निरोगी माणूस ठणठणीत असतो,
म्हणजे बाजारात मडकं टिचकी मारून घ्यावं
तसं कुणीतरी त्याला वाजवून पाहिलेलं असतं.
आणि धड हा शब्द दोनदा म्हटला
की काळीजच.
कुणी कुणाला शिकवलं?

चिठ्ठीचं उरलेलं तिने आता वाचलं.
दोन ठोक्यांच्या मध्ये तिसरं काहीतरी कुजबुजतं.
झडप. वय. सहा आठवड्यांनी पुन्हा.

एर्टी उताणा झोपला होता.
"साउंड अस्लीप," ती मोठ्याने म्हणाली,
ऐकू जाणार नाही म्हणूनच.
मग कान टेकवला.
शर्टाची बटणं गालाखालून गेली, एक, दोन,
तिसऱ्याच्या जागी नुसता दोरा.
आत पाणी होतं. मध्येच
कुंपणाचं फाटक, कडी न लागलेलं,
ढकललं जावं आणि परत यावं.

तिचा भार जाणवून तो झोपेतच ओरडला,
बहिऱ्याला स्वतःची पट्टी कळत नाही,
त्याचा कप्तान सुकाणूवरून विचारायचा
अगदी त्याच आवाजात:
"किती?"

ओस्लाने गाल उचलला नाही.
उत्तर त्याच्याच धंद्यातलं होतं,
दोरी संपते आणि हाताला काही लागत नाही
तेव्हाचं. ते कानातून नाही,
बरगड्यांतून गेलं असावं.
"तळ नाही."

"मग चालू दे,"
तो म्हणाला, आणि कुशीवर वळला.